उसनं नाक

वसंता,

मंगलावहिनीचे तीन फोन येऊन गेले, तेव्हा माझा फोन बंद होता. मीच बंद केला होता. आमच्या मंडळींचा तसा नियमच आहे, चव घेताना फोन नको. पुण्याबाहेर नव्यानं निघालेल्या एका ब्रुअरीत आम्ही सहा जण बसलो होतो. दुपारची वेळ. प्रत्येकाच्या पुढ्यात लाकडी पट्टीवर सहा छोटे ग्लास, प्रत्येकात दोन-दोन घोट वेगळी बिअर, शेजारी वही. चौथ्या ग्लासात नाक घालून मी म्हणालो, "तुरीच्या ओल्या शेंगा भाजल्यावर हाताला जो वास राहतो, तो आहे यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं ते वहीत उतरवून घेतलं.

ते वाक्य तुझं होतं. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्याच एका बिअरबद्दल, तू ते माझ्या कानात बोलला होतास.

आणि साधारण त्याच सुमारास आर्णीच्या बाजारात कापसानं भरलेल्या गाडीवरून उतरता उतरता तू छातीला हात लावून खाली बसलास. यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत पोचलाही नाहीस. मी फोन सुरू केला तेव्हा तुला घेऊन गेलेली गाडी तुला घेऊन परत निघाली होती.

मी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. ओसरीवरच्या माणसांनी सरकून मला जागा करून दिली. कुणीतरी शेजारच्याला सांगितलं, "हे पुण्याचे. वसंताभाऊचे जिगरी दोस्त." मी खाली बघत बसलो. लोकांना वाटलं, दुःखानं.

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही. तुझ्याबद्दल सगळे चांगलं बोलतात आणि ते सोपं आहे, कारण तू चांगलाच होतास. मला मात्र तुझ्याबद्दल काही सांगायचं म्हटलं की आधी माझ्याबद्दल सांगावं लागतं, आणि तिथं जीभ अडते.

तू जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर होतास. गाडी आली की वर चढायचं, कापसात खांद्यापर्यंत हात घालायचा, तळातला मूठभर कापूस ओढून काढायचा, चिमटीत तंतू ताणून लांबी बघायची आणि सरकी दाताखाली फोडून सांगायचं, ओल किती आहे. ओल मोजायचं यंत्र नंतर आलं. यंत्रानं आकडा दाखवला की मालक आधी तुझ्याकडे बघायचा. शेतकरीही भाव कमी लागला तर मालकाशी भांडायचे, तुझ्याशी नाही. "वसंताभाऊनं दात लावला ना? मंग झालं," असं म्हणून गाडी रिकामी करायला लागायचे.

शाळेत आपण एका बाकावर होतो. अकरावीत तुझे वडील, गोमाजीकाका, गेले आणि तू शिक्षण सोडून जिनिंगवर लागलास. मी इंजिनियर झालो, पुण्यात रंगांच्या कंपनीत लागलो. पुण्यात मला हा नाद लागला. छोट्या ब्रुअऱ्या शोधत जायचं, जिथं काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या दिसतात, बिअर तिथंच बनते आणि बनवणारा माणूस टेबलापाशी येऊन बोलतो. मग मी त्यावर लिहायला लागलो, एका वेबसाइटवर, दर पंधरा दिवसांनी, 'घोटभर' या नावानं. पहिलं वर्ष ते कुणी वाचलं नाही. मी 'संतुलित चव' लिहायचो, 'फळांची हलकी झाक' लिहायचो. रंगाच्या डब्यामागं छापलेली माहिती असते ना, तसं.

मग तुझ्या लेकीला, पल्लवीला, पुण्याच्या कॉलेजात फूड टेक्नॉलॉजीला प्रवेश मिळाला आणि तू तिला सोडायला आलास. होस्टेलचं सगळं मार्गी लागल्यावर चार दिवस माझ्याकडे राहिलास. रविवारी मी तुला घेऊन ब्रुअरीत गेलो. तुला ती दाखवावी असं मनातून वाटत होतं, हे खरं आहे. आपण कुठवर आलोय ते तुला दिसावं, असंही वाटत होतं. हेही खरं आहे.

तू आधी टाक्या पाहिल्यास. मग पोत्यातलं माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले जव, विचारून चिमूटभर घेतलंस आणि दाताखाली टाकलंस. बनवणारा पोरगेलासा माणूस बघतच राहिला. "हे वाळवलेलं चांगलं हाये," तू त्याला म्हणालास, "पण पोतं भितीले टेकवू नका. खालचे दाने सर्द होऊन राह्यले." त्यानं खरंच पोतं पुढं ओढलं.

टेबलावर मात्र तू घोटभरही प्यायला नाहीस. ग्लास नाकाखाली धरायचास, डोळे मिटायचास, ओठ ओले करायचास आणि खाली ठेवायचास. तिसरा ग्लास नाकाशी नेलास आणि माझ्याकडे झुकून म्हणालास, "शेखर, ह्याच्यात बेरीचा वास येऊन राह्यला बे."

"कशाचा?"

"लोणी कढोल्यावर खाली बेरी राह्यते ना, तिचा. हे पुरतं झालं नाही अजून. नाहीतं यायच्या नळीत काई अडकून हाये."

मालक दोन टेबलं पलीकडे उभा होता. माझ्या बाकीच्या मित्रांनी त्या तिसऱ्या ग्लासाची नुकतीच तारीफ केली होती. मी तुझ्या मांडीवर हात दाबला. "हळू बोल ना बे. इथं असं नसते सांगत. तुले सवय नाही म्हणून तसं वाटते."

"असंन," तू म्हणालास आणि ग्लास ठेवलास.

दोन दिवसांनी तू आर्णीला परतलास. त्याच संध्याकाळी मी घरी पुस्तकं उघडली. लोण्याचा वास, बिअरमधला दोष, अपुरं आंबणं किंवा नळाची अस्वच्छता. शब्दाशब्दानं तू सांगितलेलं. मी मालकाला फोन केला आणि म्हणालो, "रविवारी मला तिसऱ्या ग्लासात जरा शंका आली होती. चारचौघात बोललो नाही." त्यानं नळ्या उघडल्या, धुतल्या आणि परत फोन केला. "काय नाक आहे हो तुमचं!" असं म्हणाला.

त्या क्षणी तुझं नाव घ्यायला मला एक श्वासही जास्त लागला नसता. मी म्हणालो, "सवयीनं येतं."

पुढं पल्लवीला भेटायला वर्षातून दोन-तीनदा यायचास आणि प्रत्येक वेळी मी तुला कुठं ना कुठं न्यायचो. तुला वाटायचं, मित्र हौसेनं नेतोय. मी तुझ्या उजव्या बाजूला बसायचो, कारण तू बोलताना उजवीकडं झुकायचास. गव्हाच्या बिअरला तू म्हणालास, "केळाच्या घडाखालचं पोतं." काळ्या बिअरला म्हणालास, "हुरड्याची आगटी इझल्यावरची सकाळ." मी लघवीला जातो सांगून बाहेर जायचो आणि फोनमध्ये लिहून ठेवायचो. पंधरा दिवसांनी ते माझ्या नावानं छापून यायचं. लोक वाचायला लागले. 'तुमच्या लेखणीला मातीचा वास आहे,' असं एका बाईंनी कळवलं. ब्रुअरीवाले बोलवायला लागले, नवीन बिअर आधी मला देऊन मग बाजारात आणायला लागले. तू यायचास त्या महिन्यातले लेख चांगले व्हायचे, मधल्या महिन्यांत मी जुनंच फिरवून वापरायचो. हे कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र यायचं.

एक लेख सगळ्यात गाजला. तुला ठाऊक होतं ते. मला वाटत होतं, तुला ठाऊक नाही.

ती आंबट, जरा धुरकट बिअर होती. तू ग्लास नाकाशी नेलास आणि झटक्यात खाली ठेवलास. मी विचारलं तेव्हा म्हणालास, "माह्या बापाच्या सदऱ्याचा वास हाये." एवढंच. मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला तेवढं वाक्य पुरे होतं. घरी येऊन मी लिहिलं, दिवसभर रानात राबून आलेला बाप, त्यानं खुंटीला अडकवलेला सदरा, त्यात घाम, धूर आणि माती, आणि त्या सदऱ्यात तोंड खुपसून झोपणारं मूल. तो लेख लोकांनी एकमेकांना पाठवला. कुणी लिहिलं, वाचून वडिलांना फोन केला. माझे स्वतःचे वडील आर्णीच्या बँकेत कॅशियर होते, वसंता. त्यांच्या सदऱ्याला फक्त इस्त्रीचा वास यायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो. तू गेलास तोवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या पहिल्या ब्रुअरीच्या मालकानं ठरवलं, मोहफुलं घालून एक बिअर करून बघायची. मला म्हणाला, "तुम्ही तिकडचे. चांगली फुलं मिळतील का?" मी तुला फोन केला. तू केळापूरकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, गेलास, तिथल्या कोलाम बायांशी बोललास, त्यांनी पहाटेची वेचून चटईवर वाळवलेली फुलं घेतलीस. मग घरी आणून तू आणि मंगलावहिनीनं बसून एकेक फूल निवडलंत, आतले तुरे झटकलेत, काळी पडलेली बाजूला काढलीत. पाच किलो. पल्लवीला भेटायला येताना पिशवी मांडीवर घेऊन आलास, डिकीत टाकली नाहीस, दबतील म्हणून.

बिअर तयार व्हायला महिना गेला. ती लोकांपुढं आणायच्या दिवशी तू पुन्हा पुण्यात होतास, पल्लवीला ताप होता म्हणून आला होतास. तिला बरं वाटत होतं. मी म्हणालो, चल. गाडी तूच चालवलीस, कारण परतताना मी प्यायलेला असणार होतो आणि तू कधीच नसायचास.

तिथं माइक होता, फुलांच्या माळा होत्या, फोटो काढणारे होते. मला पुढं बोलावलं. मी माइकवर म्हणालो की ही फुलं मी स्वतः माझ्या जिल्ह्यातून निवडून आणली. 'मी स्वतः' म्हणालो. तू मागं दाराजवळ उभा होतास, इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात चप्पल. खाली उतरलो तर मालकाची बायको, भली बाई, माझ्याजवळ आली. तुझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "ते तुमचे ड्रायव्हर का? त्यांच्या जेवणाची सोय मागच्या बाजूला केली आहे."

मी म्हणालो, "हं."

एकच अक्षर. तिच्या मागं दोन-तीन ब्रुअरीवाले उभे होते, एक इंग्रजी मासिकाची बाई होती. 'हा माझा मित्र, ही फुलं यानं आणली,' असं म्हटलं असतं तर त्या बाईनं पुढं विचारलं असतं, मग तू तुझ्या बोलीत बोलला असतास, सदऱ्याचं, बेरीचं, सगळं बाहेर आलं असतं. त्या एका अक्षरात मी एवढा सगळा विचार केला, असंही नाही. ते सहज निघालं. म्हणूनच आठवलं की अंगावर काटा येतो.

मालकाची बायको तुझ्याजवळ गेली आणि नम्रपणे तुला मागं घेऊन गेली. तू माझ्याकडे बघितलंस. मी कुणाचा तरी हात हातात घेऊन हसत होतो. तू मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बाकीच्या ड्रायव्हर लोकांबरोबर जेवलास. ती बिअर तुला कुणी दिली नाही. ड्रायव्हरला कोण देतं!

निघताना मालक फाटकापर्यंत सोडायला आला. तू गाडी लावून खाली उतरलास, वळसा घालून आलास आणि माझ्यासाठी मागचं दार उघडलंस. तोंडावर काहीच नव्हतं. राग नाही, टोमणा नाही. गाडीवरचा कापूस बघताना असतो, तसा चेहरा. मालक शेजारी उभा होता. मी मागं बसलो, वसंता.

फाटक ओलांडल्यावर तरी पुढं येऊन बसायचं होतं. सिग्नलला थांबलो होतो तेव्हा दार उघडून येता आलं असतं. मी फोनमध्ये बघत राहिलो. बराच रस्ता गेल्यावर आरशात न बघता तू विचारलंस, "मोहाचा वास आला का बे त्यात?"

"थोडा," मी म्हणालो.

"थोडाच येनार. लय उकळला असंन त्यायनं."

त्यावर मी काहीही म्हणू शकलो असतो. घरी आल्यावर तू माझ्या बायकोशी नेहमीसारखा बोललास, चहा प्यायलास, पल्लवीच्या होस्टेलवर गेलास. त्यानंतर तू तिला भेटायला येत राहिलास, माझ्याकडे मात्र उतरला नाहीस. "तिच्या कॉलेजजवळच सोय झाली," असं सांगायचास. मला हायसं वाटायचं. हेही तुला सांगून टाकतो.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला मी आर्णीला आलो, तीच आपली शेवटची भेट. तू जिनिंगवर नेलंस. अंगणात कापसाचे डोंगर लागले होते. तू मला चहा पाजलास आणि मंगलावहिनीची तक्रार केलीस, म्हणजे कौतुकच. आपल्या गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायांचं मतदान व्हायचं होतं, उभी बाटली की आडवी बाटली, आणि वहिनी घरोघरी फिरत होत्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद.

मी पुण्याच्या माणसासारखा बोललो. म्हणालो, "बंदीनं काही होत नाही वसंता. लोकांना चव शिकवली पाहिजे. चांगलं काय, वाईट काय ते कळलं की माणूस बेतानं पितो."

तू सरकी फोडत होतास. थांबलास. "तू पिते त्याले चव म्हनतेत," म्हणालास, "आमच्या गावात पितेत त्याले येसन. काहून बे? तुह्यासमोर सहा गिलास ठेवले तं तू वही काहाडते. माह्या बापाले कोनती चव होती? त्याले घाई होती."

"तसं नाही रे..."

"आईक ना. तुले वाटते मले हे वासाचं कसं समजते? मी आठवीत होतो, तवापासून बाप घरी आला का पह्यलं मी त्याच्याजवळ जाओ. पानी द्यायच्या निमितानं. वासावरून समजे, मोहाची हाये का देशी हाये, एक का दोन. त्यावरून ठरवो, मायले शेजारी धाडाचं का नाही. वास चुकला तं माय मार खाये. मंग नाक कसं चुकंन सांग? सकाळी तो सदरा मीच धुओ. ओकलेला राहे. आंबट."

तू हे सगळं शांतपणे सांगितलंस आणि परत सरकी उचललीस. मी समोर बसून होतो. माझा तो गाजलेला लेख शब्दाशब्दानं माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. घाम, धूर, माती, सदऱ्यात तोंड खुपसून झोपणारं मूल. मी बोलायला तोंड उघडलं आणि लग्नघरून मला फोन आला. मी उठलो. तू म्हणालास, "जाय, जाय. मांडवात वाट पाहत असतीन."

मी स्वतःला समजावलं, यानं लेख वाचला नसणार. वाचला असता तर बोलला असता. चव आणि व्यसनाचा आपला वाद तिथंच राहिला. नंतर मतदानात आडव्या बाटलीला थोडी मतं कमी पडली, हे मला दुसऱ्याकडून कळलं. तुला फोन करायचं मनात होतं. या रविवारी, पुढच्या रविवारी, असं चाललं होतं.

तेराव्याला मी पुन्हा आलो. जेवणं आटोपली, पाहुणे पांगले. मंगलावहिनी मागच्या अंगणात भांडी लावत होत्या. त्यांनी मला बघून पाट सरकवला. मी बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. बेरीचा वास, चोरलेली वाक्यं, मोहफुलं, माइक, ड्रायव्हर, मागचं दार. सांगता सांगता मला रडू आलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. माझं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "हे तुमी त्यायले सांगाचं होतं भाऊजी. मले कायले सांगता आता?"

त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, हे घेऊन आता त्यांनी काय करायचं.

पल्लवी आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती येऊन आईजवळ बसली. म्हणाली, "काका, बाबा तुमचे सगळे लेख वाचत. मीच पाठवत होती. वाचता वाचता थांबत आन् म्हनत, हे मी सांगतलेलं. हेबी मीच."

"रागावत नव्हता?"

"नाही. हासत. म्हनत, पाह्य, बापाचं छापून येऊन राह्यलं."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "आणि ते सदऱ्याचं?"

तिनं आईकडे बघितलं. "ते त्यायनं मले दोनदा वाचाले लावलं. मले वाटलं, चिडतीन. आजोबांचं मले आईनं सांगतलं होतं. मंग म्हनाले, शेखरनं माह्या बापाले चांगला मानूस करून टाकलं. असं म्हनाले आन् उठून बाहेर गेले. हासत होते का रडत होते, मले नाही समजलं काका. पाठमोरे होते."

त्या दिवसापासून मी हे वाक्य फिरवून फिरवून बघतोय. कधी वाटतं, तू मला माफ केलं होतंस. कधी वाटतं, इतकं जड वाक्य मला आयुष्यात कुणी ऐकवलेलं नाही. तुला हवा होता तसा बाप मी चुकून तुला लिहून दिला, की तुझ्याकडचा एकुलता एक खरा बापही पुसून टाकला? हे फक्त तू सांगू शकला असतास, आणि सांगायची सोय मीच ठेवली नाही.

अंगणात मी फोन काढला. पल्लवीला म्हणालो, "आत्ता सांगतो त्यांना. तो लेख काढून टाकतो. सगळेच काढतो. वेबसाइटवर काही राहणार नाही." मला वाटलं, आता निदान एक गोष्ट तरी बरी करतोय.

"नका काढू," ती म्हणाली.

"का?"

"काहाडले म्हंजे तुमी सुटले. मंग बाबा कुठं राहतीन? त्यायचं बोलनं तेवढंच तं हाये लिहेल." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "खरं लिहा. कोनाचं होतं ते लिहा. सदरा कायचा होता ते लिहा. ड्रायव्हरचंबी लिहा."

मी वहिनींकडे बघितलं. गोमाजीकाकांच्या पिण्याचं असं चारचौघांत लिहायचं म्हणजे त्यांची परवानगी हवी. त्यांनी भांड्यांवर पाणी ओतलं. "लिहा," म्हणाल्या. "मी तं घरोघरी जाऊन तेच सांगतो. लपवून ठेवून कोनाचं भलं झालं?"

म्हणून हा लेख, वसंता. 'घोटभर'मधला शेवटचा. आधीच्या प्रत्येक लेखाखाली आता तुझं काय आणि माझं काय ते लिहून पाठवलं आहे. माझं फार थोडं निघालं. संपादकांनी विचारलं, एवढं सगळं उघडं करायची खरंच गरज आहे का. मी म्हणालो, आहे. ब्रुअरीच्या मालकालाही भेटून आलो. त्याला तू आठवत नव्हतास. मग 'पोतं भिंतीला टेकवू नका' म्हणालो; ते बनवणाऱ्या पोरानं त्याला तेव्हाच सांगितलं होतं, त्यावरून आठवलास. त्याच्या बायकोनं विचारलं, "मग तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

बिअरच्या गावाला मी परत जाणार नाही, असली शपथ घेत नाही. तू असतास तर हसला असतास. पण कुणी पुढं ग्लास ठेवून विचारलं, कसला वास येतो, तर मला जो खरंच येतो तोच सांगेन. बहुतेक वेळा मला काही येत नाही.

त्या दिवशी निघताना मी पल्लवीला विचारलं, "नाव कसं लिहू? वसंता लिहू की वसंतराव?"

"पूर्ण लिहा," ती म्हणाली. "आजोबांचंबी येते त्याच्यात. येऊ द्या."

वसंत गोमाजी राऊत. कापसाचे ग्रेडर, आर्णी.